जेरुसलेम-बेथलेहेम एका दिवसात, गाइडेड टूर घ्यावी का?

ऑफिसच्या कामाने तेल अवीवला चाललोय, शुक्रवार किंवा शनिवार मोकळा मिळेल. आई सोबत आहे, तिचे गुडघे दुखतात. झेपेल का?

> शुक्रवार घ्या. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी वेस्टर्न वॉलपाशी (ज्यूंची प्रार्थनेची पवित्र भिंत) फोटो काढू देत नाहीत, आणि शुक्रवारी दुपारी व्हिया डोलोरोसावर (येशू क्रूस घेऊन गेला असं मानतात तो रस्ता) फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंची मिरवणूक निघते ती बघायला मिळते. आईंचं म्हणाल तर जुन्या शहरात सगळे दगडी चढउतार आणि पायऱ्या, घासून गुळगुळीत झालेल्या, त्यामुळे काठी आणि चांगले बूट हवेतच. होली सेपल्करमध्ये (येशूच्या थडग्याचं चर्च) शिरताच, येशूच्या देहाला दफनाआधी लेप लावला असं मानतात तो दगड दिसतो, लोक गुडघ्यावर बसून त्यावर रुमाल घासत असतात, तिथे घाई करू नका.

> पासपोर्ट जवळ ठेवा हं! बेथलेहेम पॅलेस्टिनी भागात, त्यामुळे बहुतेक टूरमध्ये इस्रायली गाइड चेकपोस्टच्या अलीकडेच थांबतो आणि पुढे तिकडचा गाइड तुम्हाला घेऊन जातो. तिथल्या नेटिव्हिटी चर्चचं (येशूच्या जन्मस्थानाचं चर्च) दार जेमतेम चार फूट उंच, वाकूनच जावं लागतं, आणि खाली गुहेत येशूच्या जन्माची जागा दाखवणारी १४ टोकांची चांदीची चांदणी.

> खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला. वेस्टर्न वॉलपाशी बायका-पुरुष वेगळे, त्यामुळे आईंसोबत कोणीतरी बाई असलेली बरी. पुरुषांना डोकं झाकायला टोपी तिथेच मिळते.

> अजून एक मोकळा दिवस काढता आला तर अश्दोदला जा, आपल्या कोकणातली बेने इस्रायल (मराठी ज्यू) मंडळी आहेत, म्हातारी माणसं अजून मस्त मराठी बोलतात, आई खूश होतील.