मदत हवी आहे: डीटीपीच्या संगणकाला कायम तयार असलेला जोडीदार कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

कराडला माझं डीटीपीचं (संगणकावर छपाईची पानं जुळवायचं) छोटं काम आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि श्रावण लागला की दिवाळी अंकांची पानं. सगळं एकाच संगणकावर चालतं: विंडोज १०, पानं मांडायला कोरल ड्रॉ, मराठी टाइप करायला श्रीलिपी, शिवाय जुन्या गिऱ्हाइकांच्या पेजमेकर या जुन्या प्रोग्राममधल्या फायली. कामाचा फोल्डर ४०० जीबीच्या आसपास गेलाय.

रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेते, त्यामुळे फायली जातील ही भीती नाही. काळजी वेगळीच आहे. रात्री प्लेटवाल्याला (छपाईच्या प्लेटा काढणाऱ्याला) पीडीएफ द्यायची आहे आणि संध्याकाळी संगणक बसला, तर डिस्कवरची फाईल उघडायची कशावर? दुसरं यंत्र आणून विंडोज, कोरल, फॉन्ट, प्रिंटर असं सगळं बसवेपर्यंत दिवस जातो. तोवर ऑफसेटवर आपला नंबर गेलेला असतो, दुसऱ्याचं काम चढलेलं असतं. दिवाळी अंक भाऊबीजेनंतर बाजारात आला तर संपादकांनी वर्षभर जमवलेल्या जाहिराती आणि लेखकांचे कष्ट दोन्ही पाण्यात. ती जबाबदारी मला फार मोठी वाटते.

म्हणून एक वापरलेला संगणक घेऊन ठेवलाय (आय ५, १६ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज ११). पहिला बंद पडला की अर्ध्या तासात दुसऱ्यावर, तिथूनच पुढे काम सुरू व्हावं, एवढंच हवंय. पूर्ण डिस्कची क्लोन (हुबेहूब प्रत) करावी की फक्त फायली रोज तिकडे जाव्यात? श्रीलिपीचा लॉक (परवान्यासाठी संगणकाला लावायची छोटी किल्ली) एकच आहे, त्याचं काय? इंटरनेट दुपारी रडतं, त्यामुळे क्लाउडवर भिस्त ठेवता येणार नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

क्लोनझिला वापरा, फुकट आहे. मूळ डिस्कची जशीच्या तशी प्रत निघते. एकदा केलं की झालं.

प्रतिसाद २

क्लोनझिला उत्तम आहे, पण ताईंच्या गरजेला पुरणार नाही. एक तर क्लोन काढताना मुख्य संगणक बंद ठेवावा लागतो, मग रोज कोण काढणार? आठवड्याने काढली तर प्रत आठवडाभर शिळी. दुसरं, दोन्ही यंत्रांचे मदरबोर्ड वेगळे. ड्रायव्हर, विंडोजचं ॲक्टिव्हेशन, नेटवर्कवर एकाच नावाची दोन यंत्रं, ही सगळी निस्तरणी मागे लागते. आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या यंत्रावर ११ आहे तर त्यावर १० कशाला चढवायचं?

ताई, दोन गोष्टी वेगळ्या करा. प्रोग्राम क्वचित बदलतात, ते दोन्हीकडे एकदा नीट बसवा. कोरल दोन्हीकडे एकाच आवृत्तीचं हवं, नव्यात सेव्ह केलेली फाईल जुनं कोरल उघडत नाही. तुमच्या परवान्यात दुसऱ्या यंत्राची मुभा आहे का तेही बघून घ्या. फायली मात्र दिवसभर बदलतात, त्यांच्यासाठी सिंकथिंग. तेही फुकट आहे आणि घरातल्या नेटवर्कवर एका यंत्रातून थेट दुसऱ्यात पाठवतं, इंटरनेट गेलं तरी अडत नाही. मुख्य संगणकावर फोल्डर 'सेंड ओन्ली' (फक्त पाठवणारा), दुसऱ्यावर 'रिसीव्ह ओन्ली' (फक्त घेणारा). तुम्ही सेव्ह केलंत की थोड्याच वेळात तिकडे पोचतं, पहिल्या भरणीनंतर बदललेला भागच जातो.

पहिली भरणी वाय-फायवर करू नका, केबल लावा. स्विच (दोन्ही संगणकांच्या केबल जिथे जोडतात तो डबा) १०० एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला फार तर १२ एमबी जातात, म्हणजे ४०० जीबीला नऊ-दहा तास. गिगाबिट स्विच घेतलात तर दीड-दोन तासांत आटोपेल, डिस्कने साथ दिली तर.

प्रतिसाद ३

वरच्याला +१. पण संध्याकाळचा बॅकअप बंद करू नका! इकडे चुकून फोल्डर डिलीट झाला की तिकडेही डिलीट होतो. रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फायली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फायलीच इमानेइतबारे दुसऱ्या यंत्रावर जातील. सिंकथिंगमध्ये दुसऱ्या यंत्रावर 'फाइल व्हर्जनिंग' चालू करा, जुन्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात. बाहेरची डिस्क बॅकअप झाला की काढून कपाटात. आणि दोन्ही संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, वीज वरखाली झाली तर दोन्ही एकदम जातील.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. स्विच बदलला, सिंकथिंग बसवलं, फायली पोचल्या. मग दुसऱ्या संगणकावर एक जुनी पत्रिका उघडून बघितली. कोरलने फॉन्ट नसल्याची यादी दाखवली आणि 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि तिरक्या रेघा. मी तर विंडोजमधला फॉन्टचा अख्खा फोल्डर तिकडे नेला होता, तरी काही फॉन्ट नाहीतच. असं का?

प्रतिसाद २

विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं की तो फक्त त्या युजरपुरता बसतो. जातो कुठे, तर युजरच्या ॲपडेटामधल्या लोकल फोल्डरात, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स. तिथून उचला आणि दुसऱ्या यंत्रावर 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' करा. यापुढे नवा फॉन्ट आला की आधी कामाच्या फोल्डरमध्येच 'फॉन्ट' नावाच्या फोल्डरात टाका, म्हणजे तो आपोआप पोचेल. बसवावा मात्र हातानेच लागेल.

धागाकर्ती

सापडले! पत्रिका आता जशीच्या तशी दिसते. माझ्याकडच्या श्रीलिपीत टाइप झालेला मजकूर लॉकशिवाय दिसतो, नवीन टाइप करायला लॉक लागतो. लॉकचा ड्रायव्हर दुसरीकडे बसवून तो तिथे लावून पाहिला, चालला. टाइपरायटर कीबोर्ड आणि प्लेटवाल्याच्या पीडीएफची सेटिंग्जही तिकडे नेली. आता दर शनिवारी एक खरं गिऱ्हाइकाचं काम दुसऱ्या संगणकावर करून प्रूफ काढायचं असं ठरवलंय.

प्रतिसाद २

शनिवारचं छान, पण ते काम सिंकच्या फोल्डरबाहेर एक प्रत काढून करा. 'रिसीव्ह ओन्ली'मध्ये बसून केलेले बदल मुख्य संगणकाकडे जात नाहीत. उलट सिंकथिंग 'रिव्हर्ट लोकल चेंजेस' असं बटण दाखवतं. ते दाबलंत की तिथे केलेलं काम मागे फिरतं. खरोखर मुख्य संगणक बसला आणि दोन दिवस दुसऱ्यावर काम झालं, तर मुख्य दुरुस्त होऊन आल्यावर त्याला नेटवर्कला जोडण्याआधी दुसऱ्याचा फोल्डर 'सेंड अँड रिसीव्ह' करा, मुख्यचाही तसाच करा, मगच केबल लावा. सगळं मुख्यवर आलं याची खात्री झाली की पुन्हा पूर्वीसारखं. हे एका कागदावर लिहून दुसऱ्या संगणकाच्या मॉनिटरला चिकटवा, त्या दिवशी तुम्ही गावाला असाल आणि मदतनीस एकटा असेल.