पांडाजमध्ये (पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी) कांद्याच्या भावाची 7 दिवसांची सरासरी, सुट्ट्या आल्या की गडबडते

प्रश्न:
लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या रोजच्या भावाची सीएसव्ही आहे, तारीख, बाजार, आवक, सर्वसाधारण भाव असे कॉलम. रोलिंग(7).मीन() (सरकती सरासरी) लावलं तर पहिल्या 6 ओळी नॅन, म्हणजे रिकाम्या, येतात ते ठीक, पण दिवाळीत मार्केट बंद होतं त्यानंतरची सरासरी कितीतरी आधीचे भाव धरून बसते आणि पिंपळगावच्या सुरुवातीच्या ओळींत लासलगावचे भाव मिसळतायत. सुट्टीचे दिवस आदल्या भावाने भरून घेऊ का?

उत्तर 1:
भरू नका! ज्या दिवशी लिलावच झाला नाही त्या दिवसाचा भाव आणायचा कुठून, तो जुना भाव उगाच चार-पाचदा मोजला जाईल. रोलिंग(7) म्हणजे 7 ओळी, 7 दिवस नाही, सगळा घोळ तिथेच आहे. रोलिंग('7डी', ऑन='तारीख') वापरा म्हणजे आज धरून मागचे 7 दिवसच बघेल. त्याआधी तारीख वाचणाऱ्या टू_डेटटाइममध्ये डेफर्स्ट=ट्रू (दिवस आधी) द्या नाहीतर 03-11 ला 11 मार्च समजू शकतो. आणि हो, '7डी' दिलं की मिन_पीरियड्स (सरासरीला किमान किती भाव हवेत) आपोआप 1 होतं, म्हणजे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी एकाच भावाची "सरासरी" मिळते, म्हणून मिन_पीरियड्स=3 तरी ठेवाच.

उत्तर 2:
मिसळतंय कारण तुम्ही ग्रुपबाय (बाजारानुसार वेगळे गट) लावलेलंच नाही. आधी सॉर्ट_व्हॅल्यूज(['बाजार','तारीख']), मग ग्रुपबाय('बाजार') आणि त्यावर रोलिंग. उत्तराला दुहेरी इंडेक्स (ओळींची ओळख, बाजार आणि तारीख किंवा ओळ क्रमांक अशी) येतो त्यामुळे थेट नवीन कॉलममध्ये टाकलं तर जुळत नाही, सॉर्ट केलेलं असेल तर टू_नम्पाय() करून (इंडेक्स काढून नुसते आकडे) टाका, क्रम तोच राहतो.
पण मला विचाराल तर नुसत्या भावाची सरासरी काढूच नका, आवक आहे ना तुमच्याकडे! समजा एक दिवस 2,000 क्विंटल 1,800 ने गेला आणि दुसऱ्या दिवशी 18,000 क्विंटल 1,400 ने, तर साधी सरासरी 1,600 दिसते पण आवकेच्या हिशोबाने 1,440 येते, आणि बहुतेक माल तर 1,400 नेच विकला गेलाय. भाव गुणिले आवक असा कॉलम करा, त्याची रोलिंग बेरीज भागिले आवकेची रोलिंग बेरीज, झालं.

प्रश्नकर्ता:
ग्रुपबायने मिसळणं थांबलं, धन्यवाद दोघांना. आलेख भावाच्या मागे मागे पडतोय म्हणून सेंटर=ट्रू (त्या दिवसाच्या मागचे-पुढचे दोन्ही दिवस धरणारं) करू का?

उत्तर 1:
मागच्या हंगामाचा आलेख बघायचा असेल तर करा. माल आज काढायचा की थांबायचं हे ठरवायला मात्र अजिबात नको, त्यात पुढच्या 3 दिवसांचे भाव धरले जातात आणि ते आज कोणाच्याच हातात नसतात.