ए-२ सारखं चामडी जॅकेट शिवून घ्यायचंय, बजेट 12 हजार (सल्ला हवा)

घाटवाट:
मंडळी, मदत करा. डिसेंबरात पुण्याहून बुलेटवरून महाबळेश्वरला जायचंय. जुन्या अमेरिकन वैमानिकांचं असायचं तसं ए-२ हवंय. तपकिरी, मनगटाला आणि कमरेला विणलेली पट्टी. दुकानात तयार मिळतं त्यात छाती बसली तर चेन पोटावर लागत नाही, आणि पोटावर लागली तर खांदे दंडावर उतरतात. उंची 5 फूट 6, छाती 41. पोट विचारू नका. धारावीत शिवून घ्यावं म्हणतोय. चामडं कोणतं, माप कसं, तपासायचं काय? 12 हजाराच्या वर एक रुपया नाही.

स्कॉटिश_मराठी:
12 हजारात जॅकेटची एक बाही येईल :) मी एडिंबरोला असतो. इथून ट्रेनने तासाभरावर गॅलाशील्स, तिथे एरो लेदर ही चामडी जॅकेटं शिवणारी कंपनी आहे. माझं घोड्याच्या चामड्याचं आहे. नवं होतं तेव्हा जमिनीवर ठेवलं तर आपलं आपण उभं राहायचं! कोपराशी वळायला मला दोन हिवाळे लागले. आता अंगाला असं बसलंय की बायको म्हणते, याचाच फोटो लावू भिंतीवर. लाखाच्या वर गेलं, पण मुलाला जाईल.

अण्णा_६१:
पुण्यात चामडी जॅकेट? वर्षातून वीस दिवस घालणार आणि उरलेले दिवस कपाटात बुरशी वाढवणार. आम्ही 30 वर्षं स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालून घाट चढलो, काही झालं नाही.

काडीपेटी:
अण्णा, वर्तमानपत्राचा फिटिंगवाला कुठे बसतो तेही सांगा.
घाटवाट, माझं रडगाणं ऐक. मुंबईत एकाकडे शिवलं, नाव घेत नाही. आरशासमोर उभं राहून एकदम हिरो. गाडीवर बसून हँडल धरलं तर बाह्या चार बोटं वर आणि कंबर उघडी! माप देताना खुर्चीवर बस, हात पुढे कर. बाही अंगठ्याच्या बुडापर्यंत ठेव. वापरून कोपराला चुण्या पडल्या की ती आखडते.

शिवणयंत्र:
मी पर्स शिवते, जॅकेट नाही. पण चामडं तेच, म्हणून बोलते.
कापडाची शिवण उसवून पुन्हा घालता येते. चामड्यात सुईचं भोक कायमचं. एकदा घट्ट झालं की सैल होत नाही. म्हणून कारागिराला आधी मांजरपाटाचा नमुना शिवायला सांगा. चारपाचशे जास्त घेईल, द्या. तो घालून गाडीवर बसा, मग कातडं कापू दे.
टाके मोजा. इंचाला आठ-नऊ पुरेत. बारीक टाका म्हणजे चांगलं काम, हा गैरसमज. भोकं जवळजवळ आली की पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेवर फाटतं.
कॉलरची कड बोटात धरून बघा. जाड गठ्ठा लागला तर कडा रापीने (चामडं तासायच्या सुरीने) पातळ न करताच दुमडल्यात. खरा कारागीर तिथे ओळखू येतो, पाठीवरच्या चित्रात नाही.

ए२_शुद्ध:
एक स्पष्ट करतो. ए-२ 1931 साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलं. पाठ अखंड एका तुकड्याची, कॉलरला बटणं असतात, पण हात घालायचे बाजूचे खिसे नसतात. आपल्याकडे बाजूला तिरपे खिसे मारून त्यालाच ए-२ म्हणतात, तेव्हा डोकं फिरतं.

काडीपेटी:
पाठ अखंड म्हणूनच तर हात पुढे घेतले की ओढते. गाडी चालवणाऱ्याने खांद्यामागे घडी ठेवावी.

ए२_शुद्ध:
मग ते ए-२ राहिलं नाही. दुसरं काहीतरी म्हणा.

नभा:
घाटवाट, बाहीची लांबी जास्त ठेवा, कोपराला चुण्या पडतात. (काडीपेटींनी सांगितलं असेल, पण महत्त्वाचं आहे.) चामडं शेळीचं घ्या. हलकं, मऊ, दाणेदार, आणि मूळ ए-२ मध्येही वापरलेलं. ‘अस्सल गाईचं’ म्हणाला तर कुठलं ते विचारा. 2015 च्या कायद्यानंतर राज्यात गाय-बैल कापता येत नाहीत, म्हैस चालते. बाकीचं कानपूर, चेन्नईकडून येतं.

अण्णा_६१:
शेळी मऊ, पण गाडीवरून पडलात तर? या फॅशनच्या जॅकेटला कोपरात, पाठीत पॅड नसतं. त्यापेक्षा पॅडवालं जाळीचं रायडिंग जॅकेट घ्या, या बजेटमध्ये मिळेल.

स्कॉटिश_मराठी:
अण्णांना +1. घोडं घ्या मात्र.

नभा:
12 हजारात घोडं? चालू द्या तुमचं.

शिवणयंत्र:
आणि बुरशीचं: प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. रुंद हँगरवर, सुती चादर घालून. ओलं झालं तर सावलीत वाळवा, हीटरसमोर नको. विणलेल्या पट्ट्या लोकरीच्या असतील तर कसर आधी तिथे लागते.

घाटवाट:
सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो. सायन-बांद्रा लिंक रोडच्या मागच्या गल्लीत एक चाचा भेटले. मांजरपाटाचा नमुना मागितला तर म्हणाले, ‘पहिल्यांदा कोणी मागितलाय.’ लगेच शिवला. बाहेर लावलेल्या गाडीवर बसलो आणि पाठीत खाडकन टाके तुटले. चाचा हसले, खडूने रेघ मारली, बगलेखाली दोन बोटं वाढवली.
शेळीत तपकिरी नव्हतं, काळंच होतं. म्हशीचं घेतलं. जाड आहे, वास येतो, तपकिरी मात्र सुंदर. पाठीला घडी आहे. आणि बाजूचे खिसेही आहेत, ए२_शुद्ध यांची माफी मागून. टपरीवर चहा पिताना हात कुठे ठेवू?
13,200 झाले. बायकोला 12 सांगितलेत.

ए२_शुद्ध:
तिरपे खिसे की सरळ?

घाटवाट:
तिरपे.