डेझीचा जुना ब्रोच साडीवर कसा लावू?

नमस्कार मंडळी, मी कोपनहेगनला राहते. इथल्या जुन्या बाजारात मीनाकामाचा डेझीचा ब्रोच मिळाला. चांदीवर सोन्याचं पाणी, पांढऱ्या पाकळ्या, मधोमध सोनेरी गाभा. मागे 'ए. मिकेलसन' आणि '९२५ एस' (म्हणजे स्टर्लिंग चांदी) असा शिक्का. १९४० च्या एप्रिलमध्ये डेन्मार्कची राजकन्या मार्ग्रेथ (पुढे राणी झाली ती) जन्मली तेव्हा मिकेलसन या जवाहिऱ्यांच्या पेढीनंच हे फूल काढलं होतं. जर्मन फौजा देशात शिरून जेमतेम आठवडा झाला होता म्हणे!

कोटावर झकास दिसतो. पण मला तो दिवाळीच्या कार्यक्रमाला नारायणपेठवर लावायचाय आणि पिन चांगलीच जाड आहे. पदराला भोक पडलं तर? शिवाय एका पाकळीच्या टोकाचा टवका उडालाय. नवरा म्हणतो, पांढरं नेलपॉलिश लाव. लावू का? आणि गळ्यात ठुशी घातली तर फार गर्दी होईल का?

प्रतिसाद १:
नेलपॉलिश अजिबात नको, कालांतरानं पिवळं पडेल. मीना म्हणजे धातूवर भट्टीत वितळवून बसवलेली काच. टवका आहे तसा राहू द्या, जुन्या वस्तूला शोभतो. कोरड्या मऊ कापडानं पुसा, अल्ट्रासोनिक मशीनमध्ये धुवायला देऊ नका. आणि पिन सैल झाली म्हणून सोनाराकडे डाग द्यायला (तापवून जोडायला) न्याल, तर पुढच्या बाजूला मीना आहे हे आधी सांगा. आच लागली की तडकलाच.

प्रतिसाद २:
पदर नेहमीच्या बारीक पिनेनं खांद्याला लावा आणि ब्रोच पदराच्या निऱ्यांच्या सगळ्या थरांतून ब्लाउजपर्यंत घ्या. ब्लाउजच्या आतून फेल्टचा तुकडा ठेवा, म्हणजे वजन एकट्या पदरावर येत नाही. जरीच्या काठात मात्र पिन घालू नका, जर तुटते. काठाच्या आत, साध्या विणीत लावा. तरी जीव होत नसेल तर पदर चापून एकाच खांद्यावर घ्या आणि ब्रोच दुसऱ्या खांद्यावर, नुसत्या ब्लाउजला. मला तर तसाच जास्त आवडतो.
ठुशी की ब्रोच, एकच काहीतरी. ब्रोच असेल तर कानात मोती, बास.

धागाकर्ती:
दोघींचे आभार. ठुशी रद्द! लोकरीच्या शालीवर चालेल का?

प्रतिसाद २:
चालेल की. शाल दुहेरी करून लावा, नाहीतर फूल मान टाकतं.