मदत हवी आहे : शाळेच्या निसर्ग मंडळासाठी डीएसएलआर घ्यावा की पाण्यात चालणारा मजबूत कॉम्पॅक्ट?

नमस्कार. मी ठाण्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळेच्या निसर्ग मंडळाचे काम पाहते. मंडळासाठी एक कॅमेरा घ्यायचा आहे. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणगीतून साधारण पंचेचाळीस हजार रुपये हाताशी आहेत. एवढी रक्कम पुन्हा एकदम मिळण्याची शक्यता नजीकच्या काळात दिसत नाही, त्यामुळे निर्णय घाईने घ्यायचा नाही.

चौकशी करताना निवड दोन प्रकारांवर येऊन थांबली आहे. पहिला म्हणजे कॅनन १५००डी हा प्राथमिक पातळीचा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, सोबत येणाऱ्या १८-५५ मिलिमीटर लेन्ससह. दुसरा म्हणजे ऑलिम्पसच्या टफ मालिकेतील टीजी-६, किंवा तीच मालिका ओएम सिस्टिम या नावाखाली गेल्यानंतर २०२३ मध्ये आलेला टीजी-७. पहिला फोटो उत्तम काढतो असे सगळेच सांगतात, आणि दुसरा १५ मीटर खोल पाण्यापर्यंत व सुमारे दोन मीटर उंचीवरून पडण्यापर्यंत टिकतो असे कंपनी सांगते. मला प्रश्न पडला आहे तो आमच्या वापराला यांतला कोणता खरोखर उपयोगी पडेल, याचा.

वापर कसा होणार ते सविस्तर लिहिते, कारण उत्तर त्यावरच अवलंबून असावे. कॅमेरा बहुतांश वेळ आठवी-नववीच्या मुलामुलींच्या हातात राहील. जून ते सप्टेंबर या काळात आम्ही मुलांना ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात नेतो. तिथले खरे काम पावसातच असते. खडकांवरच्या उथळ डबक्यांमधले बेडूकमासे, पानांच्या खालच्या बाजूला चिकटलेली अंडी, झाडाच्या सालीवर राहिलेली रातकिड्यांची कात, कुजलेल्या फांदीवर उगवलेल्या छत्र्या, हे सारे मुले वाकून, बसून, कधी पोटावर झोपून पाहतात आणि वहीत त्यांची चित्रे काढतात. पावसात त्या वह्यांचा लगदा होतो. म्हणून नोंदींसोबत छायाचित्रे हवीत, असे मंडळाच्या बैठकीत मुलांनीच सुचवले. हिवाळ्यात आम्ही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जातो. तिथे कांदळवनातील लाकडी वाटेवरून चिखलातले खेकडे आणि निवट्या मासे दिसतात, आणि होडीची फेरी मिळाली तर ठाणे खाडीतले रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) दिसतात. घोडबंदर मार्गावरील ओवळेकर वाडीतील फुलपाखरांची बागही वर्षाच्या कार्यक्रमात असते.

छायाचित्रे शाळेच्या फलकावर ए-४ आकारात छापून लावायची आहेत. स्पर्धेला पाठवण्याचा वा विकण्याचा हेतू नाही. मात्र कॅमेऱ्याचे शास्त्र, म्हणजे छिद्र (ॲपर्चर), शटरची गती आणि प्रकाश यांचे नाते मुलांना प्रत्यक्ष हाताळून समजावे, अशी माझी फार इच्छा आहे, आणि नेमकी याच कारणाने मी डीएसएलआरचा विचार सोडू शकलेले नाही. आमचे चित्रकलेचे शिक्षकही त्याच मताचे आहेत. त्यांच्या मते लहान सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या पट्टीचा) कॅमेरा घेऊन मोबाइलपेक्षा वेगळे काही हाती लागणार नाही. (मोबाइलच वापरा असे कोणी सुचवण्याआधी सांगते, शाळेत विद्यार्थ्यांना मोबाइल आणण्यास मनाई आहे आणि तो नियम योग्य आहे असे मला वाटते.)

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे, की झाडांच्या दाट छायेत आणि पावसाळी अंधुक उजेडात टीजीचे फोटो छापण्याजोगे येतात का, रोहित पक्ष्यांसाठी यांपैकी कोणता उपयोगी ठरेल, आणि ठाण्याच्या हवेत डीएसएलआर शाळेच्या कपाटात सुरक्षित राहू शकतो का? आणखी एक अट आहे. देणगीचा हिशेब लेखापरीक्षणात दाखवावा लागतो, त्यामुळे जीएसटीचे पक्के बिल मिळणारी नवी वस्तूच घेता येईल.

प्रतिसाद

नमस्कार बाई. मी नेरुळला राहतो आणि पाणथळ जागांवरचे पक्षी टिपण्याचा छंद बऱ्याच वर्षांचा आहे, म्हणून आधी रोहित पक्ष्यांविषयी लिहितो, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच चुकीच्या दिशेने जातो. मोठा कॅमेरा म्हणजे दूरचे जवळ दिसणार, असा समज असतो. दूरचे जवळ आणण्याचे काम लेन्स करते, आणि १८-५५ ही लेन्स त्यासाठी नाहीच.

हिशेब करून पाहा. ठाणे खाडीत मोठ्या संख्येने येणारा छोटा रोहित साधारण ८० ते ९० सेंटीमीटर उंच असतो. तो होडीपासून १०० मीटरवर उभा आहे असे धरले, तर १५००डीवर ५५ मिलिमीटरला चौकटीची उंची त्या अंतरावर सुमारे २७ मीटर भरते. म्हणजे पक्षी चौकटीच्या तिसाव्या भागाएवढा दिसेल. टीजीच्या झूमचे टोक ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने १०० मिलिमीटरचे आहे. त्यात चौकटीची उंची २५ मीटरच्या आसपास येते, म्हणजे तिथेही पक्षी जवळजवळ तेवढाच. दोन्ही कॅमेऱ्यांत तुम्हाला गुलाबी ठिपक्यांची रांग मिळेल. थव्याचे आणि खाडीचे चित्र म्हणून ते सुंदर दिसेल, पण चोचीचा आकार मुलांना दाखवता येणार नाही. त्यासाठी किमान ५५-२५० लेन्स हवी. ती लावली की तोच पक्षी चौकटीच्या साधारण सातव्या भागाएवढा होतो. नवी लेन्स आणि कॅमेरा मिळून तुमच्या रकमेत बसणे कठीण आहे, आणि फोर्टच्या बोरा बाजारातली वापरलेली लेन्स तुमच्या बिलाच्या अटीत बसणार नाही. तेव्हा पक्षी या निर्णयातून बाजूला काढावेत. ते दुर्बिणीने पाहावेत आणि वहीत नोंदवावेत.

राहिले बेडूकमासे, खेकडे, अंडी आणि छत्र्या. इथे टीजीची ताकद आहे, आणि ती निव्वळ पाण्यात चालण्यापुरती नाही. त्यात मायक्रोस्कोप नावाची एक सोय आहे, ज्यात लेन्सच्या पुढच्या काचेपासून एक सेंटीमीटरवरच्या वस्तूवरही फोकस होतो. मुंगीच्या डोक्यावरचे केस दिसतील इतके जवळ जाता येते. १८-५५ लेन्स २५ सेंटीमीटरपेक्षा जवळ जात नाही. शिवाय खडकावरच्या डबक्यात टीजी थेट बुडवून बेडूकमाशाच्या उंचीवरून चित्र घेता येते, जे डीएसएलआरने तुम्ही सुचवलेल्या रकमेत कोणत्याही प्रकारे होणार नाही.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. वस्तू एक सेंटीमीटरवर असली की कॅमेऱ्याचीच सावली तिच्यावर पडते. त्यासाठी लेन्सभोवती बसणारे एक कडे मिळते, जे कॅमेऱ्याच्याच दिव्याचा प्रकाश गोलाकार पसरवते. रकमेत थोडी जागा राहिली तर ते जरूर घ्या. आणि फुलपाखरू तुम्हाला एक सेंटीमीटरपर्यंत येऊ देणार नाही. निळवंतासारखे पंख पसरल्यावर बारा-पंधरा सेंटीमीटर भरणारे मोठे फुलपाखरू थोडे लांबून जमेल, पण ओवळेकर वाडीत लहान फुलपाखरांसाठी संयम लागेल. सकाळी लवकर गेल्यास पंख वाळवत बसलेली सापडतात.

आता उजेडाचा प्रश्न. तुमच्या चित्रकलेच्या सरांचे म्हणणे निराधार नाही. १५००डीचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर आहे आणि टीजीचा साधारण ६.२ बाय ४.६. क्षेत्रफळात जवळजवळ बारा पटींचा फरक पडतो, आणि आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवला की तो फरक दाणेदारपणाच्या रूपाने दिसतो. रुंद कोनात टीजीचे छिद्र एफ/२ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), तिथे कॅननची लेन्स एफ/३.५ वर असते, त्यामुळे काही अंतर भरून निघते. झूम करत गेलात की टीजीचे छिद्र एफ/४.९ पर्यंत लहान होते आणि तो फायदा संपतो. म्हणून मुलांना एकच सवय लावा, येऊरच्या छायेत झूम वापरायचे नाही, पायाने जवळ जायचे. छपाईची चिंता नको. टीजीचे चित्र ४००० बाय ३००० पिक्सेलचे असते, आणि ए-४ कागदाला इंचाला ३०० ठिपके या दराने छापायला सुमारे ३५०० बाय २५०० पुरतात. फक्त चित्र कापून मोठे करायला फारशी जागा उरत नाही.

माझे मत टीजीला.

प्रतिसाद

वरील प्रतिसादातील हिशेब बरोबर आहेत, पण एक बाजू राहिली. बाईंनी छिद्र आणि शटर शिकवण्याचा हेतू स्पष्ट लिहिला आहे. टीजी-६ आणि टीजी-७ या दोहोंत शटरची गती हाताने ठरवण्याची सोय नाही. छिद्र ठरवता येते, तेही दोन-तीन टप्प्यांत. आयएसओ आणि उजेडाची भरपाई (चित्र थोडे उजळ वा गडद करणे) बदलता येते, रॉ म्हणजे प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात चित्र साठवता येते, एवढेच. धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसण्यासाठी शटर किती वेळ उघडे ठेवावे, हा धडा टीजीवर नीट शिकवता येणार नाही. डीएसएलआरवर तो एका तासात शिकवता येतो आणि मुले तो विसरत नाहीत.

मी कॅमेरे दुरुस्त करतो, त्यामुळे कपाटाच्या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने देतो. आपल्याकडे पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते. उजेडाकडे धरून तिरके पाहिले की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. बंद लाकडी कपाट आणि चामड्याची पिशवी ही बुरशीची सर्वांत आवडती जागा, आणि शाळांमध्ये कॅमेरा नेमका तिथेच ठेवला जातो. घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक, एवढे पुरे होते. मापक ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येते. पण हे दर आठवड्याला पाहणारी एक जबाबदार व्यक्ती हवी, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा. ती असेल तर डीएसएलआर ठाण्यात वर्षानुवर्षे टिकतो. पावसात तो बाहेर काढायचा मात्र नाही. १५००डीला पाण्यापासून संरक्षण नाही आणि प्लास्टिकचे आवरण घालून आठवीच्या मुलाने येऊरच्या निसरड्या दगडांवर तो सांभाळावा, ही अपेक्षा मुलावर अन्याय करणारी आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. पक्ष्यांचा हिशेब मी उद्याच फळ्यावर मांडणार आहे, समरूप त्रिकोणांचा त्याहून चांगला उपयोग मला तरी सुचला नसता.

दुरुस्तीच्या अनुभवातून आलेले शेवटचे वाक्य वाचून माझा कल ठरला. आमचे काम ज्या चार महिन्यांत असते त्या चार महिन्यांत डब्यात ठेवावा लागणारा कॅमेरा मंडळाच्या पैशातून घेणे मला पटत नाही. जो कॅमेरा मुलाच्या हातून पडला तरी त्याला रागावावे लागणार नाही, तो मला हवा आहे. शटरचा धडा राहू नये म्हणून चित्रकलेच्या सरांनी स्वतःचा जुना डीएसएलआर वर्गात आणण्याचे कबूल केले आहे. वर्गात पाऊस नसतो, त्यामुळे तिथे तो निर्धास्त हाताळता येईल.

आता शेवटचे विचारते. पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्याची निगा मुलांकडून करून घ्यायची तर नेमके काय शिकवावे? आणि घेताना दुकानात काय तपासावे?

प्रतिसाद

दुकानात दोन गोष्टी पाहा. भारतातली वॉरंटी लिहून मिळते का, आणि बिलावरचा अनुक्रमांक कॅमेऱ्याच्या बुडावरच्या क्रमांकाशी जुळतो का. परदेशातून परस्पर आणलेला माल स्वस्त मिळतो, पण पाणी शिरले तर दाद मागायला जागा राहत नाही. टीजी-६ आणि टीजी-७ चित्रांच्या दर्जात फारसे वेगळे नाहीत. टीजी-७ ला यूएसबी-सी आहे, एवढे एक कारण त्याच्या बाजूने पुरेसे वाटले तर तो घ्या, अन्यथा जो पक्क्या बिलासह मिळेल तो. एक जादा बॅटरी लागेलच, कारण एका बॅटरीत साधारण सव्वातीनशे फोटो निघतात आणि मुलांचा गट तेवढे दुपारपर्यंत संपवतो.

निगेत सगळे लक्ष बॅटरीच्या आणि जोडणीच्या झाकणांवर द्यायचे. झाकणाच्या कडेला रबरी पट्टी असते. तिच्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला तरी पाणी आत येते. झाकण पावसात किंवा होडीत कधीच उघडायचे नाही. बॅटरी आणि कार्ड शाळेत, कोरड्या हातांनी, पंख्याखाली घालायचे, कारण दमट हवा आत कोंडली गेली की थंड पाण्यात लेन्सच्या काचेवर आतून वाफ धरते. झाकण लावण्यापूर्वी पट्टी मऊ कोरड्या कापडाने पुसायची आणि कुलूप दोन्ही टप्प्यांत लावायचे; हे एका मुलाने करायचे व दुसऱ्याने तपासायचे. खाडीवरून आल्यावर झाकणे बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, म्हणजे खार आणि गाळ सुटेल, आणि मग पुसून सावलीत वाळवा. रबरी पट्ट्या वर्षातून एकदा सेवा केंद्रात बदलून घ्याव्यात, असे कंपनी सांगते. तो खर्च शाळेच्या अंदाजपत्रकात आताच धरून ठेवा आणि काम मे महिन्यात करून घ्या, म्हणजे जूनच्या पहिल्या येऊर फेरीला कॅमेरा तयार असेल.