शकुंतलेची स्थानके आणि कानफ्रांकचे हॉटेल
स्पेनमधील कानफ्रांक स्थानकाच्या इमारतीत २०२३ मध्ये हॉटेल सुरू झाले, त्याच धर्तीवर विदर्भातील शकुंतला या छोट्या रेल्वेचे अचलपूर स्थानकही पाहुण्यांसाठी सजवावे, ही चर्चेत पुढे आलेली सूचना मला मनापासून पटते; इमारत ओस पडण्यापेक्षा ते केव्हाही बरे. मात्र कानफ्रांकला सारागोसा शहराहून आजही रेल्वे येते आणि तिच्यासाठी जुन्या इमारतीमागे २०२१ मध्ये नवे स्थानक उभारले गेले, ही बाब चर्चेत आलेली नाही. आपल्याकडे कापसाच्या वाहतुकीसाठी टाकलेला ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग बंद पडला आहे. पथ्रोट, अंजनगावकडची गरीब माणसे बाजाराची ओझी घेऊन ज्या गाडीने जात, ती आधी मूर्तिजापूरपर्यंत पुन्हा धावावी आणि हॉटेलातील पाहुण्यांनीही तिनेच यावे, असे मला तळमळीने वाटते.