कोपा पेरूच्या विजेत्याला थेट पहिल्या श्रेणीत प्रवेश असावा का?

सह्यकडा: पेरूच्या फुटबॉलमध्ये 1967 पासून अर्धशतकाहून अधिक काळ एक विलक्षण सोय होती. स्थानिक लीगपासून प्रांत, विभाग अशा फेऱ्या पार करत कोपा पेरू ही हौशी संघांची स्पर्धा जिंकणारा संघ दुसऱ्या श्रेणीला वळसा घालून थेट पहिल्या श्रेणीत जात असे. 2023 पासून या विजेत्याची बढती दुसऱ्या श्रेणीपर्यंतच होते, आणि माझ्या मते हा निर्णय चुकीचा आहे. 1966 पूर्वी तिथली सर्वोच्च लीग म्हणजे राजधानी लिमा आणि शेजारचे कायाओ यांचीच लीग होती. उरलेल्या देशाला तिचे दार उघडे झाले ते मुख्यतः या स्पर्धेमुळे. अरेकिपाचा मेल्गार 1971 मध्ये ती जिंकून वर आला आणि पुढे 1981 व 2015 मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. कुस्कोचा रिआल गार्सिलासो तर 2009 मध्ये स्थापन झाला, 2011 मध्ये कोपा पेरू जिंकला, 2012 मध्ये राष्ट्रीय उपविजेता झाला आणि 2013 मध्ये कोपा लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळला. इतकी वेगवान चढण दुसरीकडे क्वचितच दिसेल.

अनुजा_प: आपण निवडलेली उदाहरणे यशस्वी संघांचीच आहेत. 2018 चा विजेता पिराता 2019 मध्येच खाली गेला. 2019 चा विजेता कार्लोस स्टाइन आणि त्याच वर्षी बढती मिळवलेला याकुआबांबा हे दोघेही एका हंगामात परतले. हौशी पातळीवरून आलेल्या संघाला काही आठवड्यांत व्यावसायिक संघ, मैदान आणि पगारांची सोय उभी करावी लागते, आणि या घाईचा भार बहुधा खेळाडूंच्या थकलेल्या वेतनावर पडतो.

सह्यकडा: 2017 ला कोपा पेरू जिंकलेला बिनासिओनाल अवघ्या दोन वर्षांत, 2019 मध्ये, राष्ट्रीय विजेता झाला. त्याचे काय?

अनुजा_प: त्या यशात उंचीचा वाटा मोठा होता. बिनासिओनालचे घरचे मैदान हुलियाकात, समुद्रसपाटीपासून सुमारे 3800 मीटर उंचीवर होते. मार्च 2020 मध्ये तिथे त्यांनी ब्राझीलच्या साओ पावलोला 2-1 असे हरवले, आणि आठवडाभरातच ब्युनोस आयर्सला अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटकडून 8-0 असा पराभव पत्करला. 2023 मध्ये तोही संघ पहिल्या श्रेणीतून बाहेर पडला.

वामकुक्षी: उंचीचा मुद्दा मला अन्यायकारक वाटतो. अँडीज हा पेरूचाच भाग आहे आणि लिमाच्या संघांना तिथे धाप लागते म्हणून विजेतेपदाचे मोल कमी होत नाही. शिवाय आर्थिक शिस्तीच्या नियमांचा फायदा शेवटी कोणाला होतो, तेही पाहा. 2020 मध्ये आलियान्सा लिमासारखा बलाढ्य क्लब मैदानावर खाली घसरला होता. पुढे क्रीडा लवादाने थकबाकीच्या प्रकरणात कार्लोस स्टाइनचे गुण कापले, त्यामुळे त्याच्याऐवजी आलियान्सा वरच राहिला आणि 2021 चा विजेताही झाला.

अनुजा_प: स्टाइनवरची कारवाई नियमानुसारच होती, तिचा लाभ मोठ्या क्लबाला झाला म्हणून ती अन्याय्य ठरत नाही. खरे तर हे प्रकरण माझ्याच बाजूचे आहे. दुसऱ्या श्रेणीत एक-दोन हंगाम काढले असते, तर त्या क्लबाला हिशेब सांभाळायला वेळ मिळाला असता.

सह्यकडा: तर मग पहिल्या श्रेणीत खेळण्याच्या परवान्याची आर्थिक तपासणी कडक करा आणि जो क्लब ती पार करेल त्याला थेट वर येऊ द्या, असे मी म्हणेन. तार्माचा आदेते 2021 चा आणि कुस्कोचा देपोर्तिवो गार्सिलासो (रिआल गार्सिलासोहून वेगळा क्लब) 2022 चा विजेता. दोघेही पहिल्याच हंगामात खाली गेले नाहीत, आणि गार्सिलासो तर 2024 मध्ये कोपा सुदामेरिकाना या खंडातील दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेत खेळला. नव्या नियमाखाली त्यांना निदान एक वर्ष अधिक थांबावे लागले असते, आणि छोट्या गावातला पुरस्कर्ता तेवढा काळ टिकेलच याची खात्री कोण देणार?

अनुजा_प: जो पुरस्कर्ता एक वर्ष थांबू शकत नाही, त्याच्या भरवशावर पहिल्या श्रेणीतला संघ चालवणे हेच मुळात धोक्याचे आहे. परवान्याची तपासणी हंगामाच्या सुरुवातीला होते, पैसे मात्र अनेकदा मध्यावर आटतात.